आठ वशिंडांची गाडी

अन् बा, दुधाच्या डब्यात लोणी निघालं ही गोष्ट मी काही केल्या मान्य करणार नाही. फेस आला असंन. फेस अन् लोणी यातला फरक माह्या मायले, याडीले विचारा, तिचं अर्धं आयुष्य ताक घुसळण्यात गेलं. गाडी उभ्या उभ्या जराशी हालते हे मी दिवाळीतच कबूल केलतं. पण तांड्यापासून फुलसावंगीच्या डेअरीपर्यंत जाता जाता दुधाचं लोणी होते, अन् 'माह्या पोरानं गाडीत इंजिन नाही, रवी बसवली', असं तुमी डेअरीवाल्यापासून तांड्याच्या नायकापर्यंत सगळ्याईले सांगत फिरता, हे बरं दिसते का? गोष्ट हासण्यासारखी आहे. तुमच्या पोरीनं, रंजितानं फोनवर सांगतली तवा मी पण हासलो. फोन ठेवल्यावर मात्र मले जेवण गेलं नाही. (इथलं जेवण तसंही जात नाही, पण त्या दिवशी दोष भाताचा नव्हता.)

रामराम घालायचा राहूनच गेला पाहा. जय सेवालाल. तुमच्या अन् याडीच्या पायावर डोकं ठेवतो, अन् मग पुढचं भांडण लिहितो. तुमचा खोकला कसा आहे? बिडी कमी केली का, का फक्त याडीसमोर कमी केली? याडीच्या गुडघ्यासाठी पाठवलेलं तेल गुडघ्यालेच लागून राह्यलं ना, की गाडीच्या दरवाजाच्या बिजागरीले गेलं? तूर सोंगून झाली असंन. भुरी म्हैस खाऊन-पिऊन बरी आहे का? तिच्या ढेपेची मले काळजी वाटते, कारण रंजिता म्हणे, तुमी रोज संध्याकाळी गाडी घेऊन ढेप आणाले जाता अन् दुकान बंद होतं म्हणून हात हालवत परत येता. असं कोणतं दुकान आहे बाप्पा ते, जे महिनाभर बंदच आहे? मी इथं कोइंबतूरले खुशाल आहे, फक्त तुमी माह्याशी बोलत नाही तेवढं सोडून. फोनवर मी 'कॅमशाफ्ट' म्हणलं की तुमी 'हॅलो, हॅलो, आवाज येऊन नाही राह्यला' म्हणता अन् फोन नेऊन म्हशीजवळ ठेवता. मले म्हशीचं रवंथ करणं साफ आयकू येते, बा. म्हणजे रेंज चांगली आहे.

म्हणून कागदावर लिहितो. कागद म्हशीजवळ ठेवला तर ती खाऊन टाकंन, त्याच्या आत वाचून घ्या. (आपुन घरी बोलतो गोरबोलीत, पण ते लिहाले बसलं की माही सातवी कमी पडते, म्हणून मराठीत भांडतो. वाचून दाखवणार रंजिता. रंजिता, जे लिहिलं तेच वाचायचं, आपल्या मनानं मसाला टाकायचा नाही.)

भांडणाचं कारण तुमाले माहीत आहे. तुमी गाडी विकाले काढली. बाभुळगावचा कोणी माणूस पाहून गेला अन् त्या पैशात तुमी बैलजोडी घेणार, असं आयकलं. बा, विकू नका. गाडी जुनी आहे, पांढरी राह्यली नाही, मागच्या सीटले दुधाचा वास आहे, सगळं खरं. पण आज विकली तर लोक एवढंच म्हणतील की किसनसिंगचा लखन दूर देशी जाऊन इंजिनचं काम शिकला, घरी येऊन बापाची चालती गाडी बिघडवली अन् बापानं ते धूड लोटून दिलं. मी इथं कायचं काम करतो हे तांड्यात कोणाले समजत नाही. समजंन तर त्या एका गाडीवरूनच समजंन. तुमचा एक डाव माह्यावर लावा एवढंच मागून राह्यलो. ते कसं, ते सांगतो, पण त्याच्या आधी जरा माही तारीफ आयकून घ्या, कारण माह्या तारिफेशिवाय पुढचं समजणार नाही.

तुमाले वाटते मी इथं पंक्चर काढतो. ना बाप्पा. रुईच्या गाठी घेऊन ट्रक इकडं आला तवा मी गाठीवर ताडपत्री धरून बसलेला पोट्टा होतो, ते खरं. (आपले पूर्वज बैलाच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरत, मी रुईच्या पाठीवर स्वतःलेच लादून आलो. म्हणजे धंदा तोच, फक्त माल बदलला.) ट्रक माघारी गेला, मी राह्यलो. आधी कारखान्यात लोखंडाचा भुसा झाडला, मग माल उचलला, अन् आता मी घासाईच्या मशीनवर उभा राहतो. आमचे मालक, त्याईले सगळे अण्णा म्हणतात, त्याईनं मशीन माह्या हाती दिली त्या दिवशी नारळ फोडला. आम्ही बनवतो कॅमशाफ्ट. म्हणजे हाताएवढा लोखंडी दांडा, अन् त्याच्यावर आठ उंचवटे. तो इंजिनच्या डोक्यात फिरत राहते, अन् त्याचा एकेक उंचवटा एकेक झडप दाबून उघडते. चार झडपा हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या, चार धूर बाहेर सोडणाऱ्या. उंचवटा जेवढा उंच अन् रुंद, तेवढी झडप जास्त उघडते अन् जास्त वेळ उघडी राहते. शर्यतीवाले लोक मोठाले उंचवटे घासून मागतात, अन् त्याईच्या गाड्या रस्ता फाडत जातात. त्या उंचवट्याले मी पहिल्या दिवसापासून वशिंड म्हणतो, अन् आता अख्खा कारखाना वशिंड म्हणते. तमिळ माणसं, बा! आपला शब्द! परवा एका मोठ्या गाडीवाल्या गिऱ्हाइकाले अण्णांनी विचारलं, 'वशिंड किती पाहिजे?' तो बिचारा माह्याकडं पाहाले लागला. मी नुसती मान डोलावली. सातवी पास माणसानं याच्याहून जास्त काय कमवावं?

आता चूक कोठी झाली ते. चूक तुमच्या शिकवणीत झाली. रागावू नका, आयका. मी एवढासा होतो तवा तुमी मले बैलबाजारात न्यायचे, डोळे झाकायले लावायचे, अन् माहा हात बैलाच्या वशिंडावर फिरवायचे. म्हणायचे, 'दात घासून देतील, शिंगं रंगवून देतील, वशिंड खोटं बोलत नाही.' मी तो मंत्र घेऊन मोठा झालो. दिवाळीले घरी येतानी अण्णांनी सांगतलं की भिंतीवरचा एक कॅमशाफ्ट बापाच्या गाडीसाठी घेऊन जा, माह्याकडून भेट. भिंतीवर पाच-सात टांगलेले होते, आपल्याच गाडीत बसतील असे. अण्णांनी विचारलं, गाडी शर्यतीची का रोजची? मी म्हणलं, रोजची. त्याईनं माहा हात धरून एका बारक्या वशिंडाच्या दांड्यावर ठेवला. मले वाटलं, गरिबाचं पोरगं पाहून हलका माल दाखवून राह्यले. मग मी डोळे झाकले, अंगठा फिरवला, अन् सगळ्यात मोठं वशिंड असलेला दांडा उचलला. अण्णांनी कपाळाले हात लावला. मी समजलो, माल महाग आहे म्हणून जीव तुटून राह्यला.

अन् तुमी काय केलं? ते तुमी आता सोईनं विसरून राह्यले, पण याडी साक्षीले आहे. मी पोत्यातून दांडा काढला, तुमी खाटेवर बसून त्याच्यावर अंगठा फिरवला, बिडी बाजूले ठेवली अन् म्हणाले, 'लखन, हे तर पटाचं जनावर आहे रे!' तुमच्या डोळ्यात तवा शंकरपटाच्या बैलशर्यतीची धूळ उडून राह्यलती, मी पाह्यली. अन् आता म्हणता, 'मले कोणी विचारलं होतं?' वशिंड दोघाईनं पारखलं, बा. नाव फक्त माहं खराब झालं.

लिंबाखाली इंजिन खोललं तो दिवस मी विसरत नाही. अख्खा तांडा भोवती. रंजिता पाने देत होती, अन् मागायच्या आधी बरोबर नंबरचा देत होती. (हे तिनं इथं मोठ्यानं वाचलं असंनच.) गाडी सुरू झाली तसं कुत्रे नाल्याच्या पार गेले. उभ्या गाडीचा आवाज कसा, तर खुरानं माती उकरणाऱ्या गोऱ्ह्यासारखा, धड-धड, धड-धड-धड, मधीच एक ठोका गायब. म्हाताऱ्या बसंतीबाईनं लांबूनच गाडीवरून मीठ-मिरची उतरवली. मग तुमाले बाजूले बसवून मी कालव्याच्या सरळ रस्त्यानं काढली. आधी गाडी रडली, खोकलली, अन् मग एकदम जशी कोणी कासरे सोडले! तुमची टोपी मागच्या सीटवर. तुमी दरवाजाचा दांडा धरून 'हऱ्या, हऱ्या' करून राह्यलते, जसं काही पुढं बैल आहेत. एवढा खूश मी जन्मात कधी झालो नव्हतो. दुसऱ्या दिवशी मी छाती काढून कोइंबतूरची गाडी पकडली, अन् तिसऱ्या दिवसापासून तुमच्या बाता येणं सुरू झालं.

त्या बाता मले पाठ आहेत. गाडी हळू चालवली की झटके देते. फाट्यावर ब्रेक मारला की बंद पडते, अन् ब्रेक तरी कसा, दगडावर पाय दिल्यासारखा. पेट्रोल असं पिते जसं लग्नातल्या वऱ्हाड्यानं पाणी प्यावं. पुसदच्या बसपर्यंत सोडता सोडता रंजिताची बस दोनदा गेली. नंदाबाईच्या चहाच्या हॉटेलासमोर गाडी उभी केली तर ती म्हणाली, 'किसनसिंगभाऊ, गाडीले हिवताप भरला का? चादर आणू?' अन् लोक एवढे हासले की तुमी चहा न घेताच निघाले, अन् निघाले तर गाडी सुरू होईना. याडी तर एकदाच बसली अन् अर्ध्या रस्त्यात उतरून पायीच घरी आली. म्हणाली, 'माह्या गुडघ्यानं चालणं बरं, पण ह्या थरथरीत नको.' तवापासून ती त्या गाडीकडं पाहत पण नाही. बाकीचं सगळं मी हासण्यावारी नेलं, पण हे नेता नाही आलं.

मी अण्णाले जाऊन सगळं सांगतलं. ते इतके हासले की त्याईले खाली बसा लागलं. लोण्याची गोष्ट तर त्याईनं मशीन बंद करून सगळ्याईले सांगतली. (फेसच होता.) मग त्याईनं मले उलट्या खोक्यावर बसवलं अन् जे सांगतलं ते मी तुमाले आपल्या भाषेत सांगतो. संध्याकाळी गुरं चरून येतात. कोठ्याचं फाटक उघडलं, गुरं आत गेली, लगेच लावलं, तर सगळी आत. पण फाटक तसंच उघडं टाकून तुमी बिडी पेटवत बसले, तर आत गेलेली मागच्या मागं बाहेर निघतात. मोठ्या वशिंडाचं तेच आहे. ते झडप लय वेळ उघडी ठेवते. गाडी हळू असली की आत घेतलेली हवा-पेट्रोल तोंड फिरवून परत निघते, म्हणून इंजिन उपाशी राहते, झटके देते, बंद पडते. ब्रेक हलका दाबला जावा म्हणून इंजिन हवेची जी ओढ देते, ती पण त्याच्यातच जाते. पण तेच गुरं उधळत आले, मागं वाघ लागल्यासारखे, तर फाटक जेवढा जास्त वेळ उघडं तेवढं बरं. मागं फिराले कोणाले सवडच नाही. शर्यतीची गाडी सदानकदा अशी उधळलेलीच असते. म्हणजे आपली गाडी खराब नव्हती, बा. तिच्या मागं वाघ नव्हता.

पटाचा बैल कपाशीत डवऱ्याले जुंपला तर तो काय करंन? तास मोडंन, पराटी तुडवंन, अन् धन्याले लोळवंन. त्यात बैलाची काय चूक? हे तुमी मले शिकवलं होतं, अन् नेमकं हेच मी विसरलो. वशिंड लक्षात ठेवलं अन् जुंपायचं कायले ते विसरलो.

मग अण्णांनी मले असे प्रश्न विचारले, जसं काही सोयरीक पाहाले आले. बाप गाडी कोणत्या गिअरात चालवते? मी म्हणलं, दुसऱ्यात सुरू होते अन् तिसऱ्यात संपते. वजन काय राहते? दुधाचे डबे, पोरीची बॅग, कधी खताचं पोतं, कधी बकरी. चढ आहे? तांड्याच्या वरचा, तिथं पहिल्यापासून रडते. जोरात कधी चालवते? मी म्हणलं, कधीच नाही, समोर सदा कोणाची तरी म्हैस असते. अण्णा म्हणाले, मग याले खालून दम पाहिजे, वरून नाही. वशिंड कंपनीच्या वशिंडापेक्षा थोडंसंच वर, झडप थोडीशीच जास्त वेळ उघडी. चढावर ओढंन, फाट्यावर झोपणार नाही. अन् मग म्हणाले, 'तूच घास.'

तर तूच घास म्हणल्यावर मी घासला. पुरा दांडा, आठही वशिंडं, पहिल्यापासून शेवटपर्यंत माह्या हातानं. शेजारच्या मशीनवरचे पोट्टे म्हणाले, 'एवढंसं वशिंड? हे तर म्हाताऱ्याचं माप!' म्हणलं, हाव, म्हाताऱ्यासाठीच आहे, अन् तो म्हातारा तुमाले विकून खाईन. बा, मोठं वशिंड घासणं सोपं. एवढंसं घासून गाडीत जीव आणणं, याले हात लागते. मोजाईच्या काट्याखाली अण्णांनी सगळी वशिंडं फिरवून पाह्यली अन् खिशातून गाडीची चावी काढली. चावी निघाली म्हणजे पास. मग त्याईच्या घरच्या गाडीत, ती पण आपल्यासारखीच जुनी आहे, बसवून टेकडीवरच्या देवळाच्या चढानं नेली. अण्णांची बायको मागं बसलती, मांडीवर सांबाराचा डबा. वर पोचलो तर म्हणाली, 'गाडी बदलली का?' डबा कोरडा, थेंब सांडला नाही. हे लिहितानी माही छाती टेबलाले लागून राह्यली.

तोच दांडा अण्णांच्या गाडीतून काढून ह्या खोक्यात पाठवतो, पत्र त्याच्याच भोवती गुंडाळलं आहे. आता तुमी पहिलं काम काय कराल ते मले माहीत आहे. अंगठा फिरवाल, अन् म्हणाल, 'याच्यात तर काहीच नाही.' फिरवा. काहीच लागणार नाही, फरक केसाएवढा आहे. वशिंड खोटं बोलत नाही हे खरं, पण हे वशिंड हळू बोलते, त्याले आयकाले आठ दिवस गाडी चालवा लागते. बसवाले महागावचा मिस्त्री बोलवा, तो भला माणूस आहे, पण पाने रंजिताच्या हाती राहू द्या. मी फोनवर चित्र पाहत राहीन, फोन तेवढा म्हशीजवळ नेऊ नका. गाडी पहिल्यांदा सुरू केली की लगेच बंद करू नका, अन् उभी धडधडत पण ठेवू नका, वीसेक मिनिटं अर्ध्या दमावर चालू द्या. नवा बैल पहिल्या दिवशी जुवाले जसा लागू देतो, तसं. मग नंदाबाईच्या हॉटेलासमोर नेऊन उभी करा, चालू ठेवून. कपात चहा घ्या अन् कप बोनेटवर ठेवा. हालला तर गाडी विका, मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाही हालला, तर सगळ्याईसमोर एवढंच म्हणा की पोरानं केलं. जास्त नको, एवढंच.

तुमचा, दूर असून पण घरातच भांडत बसलेला,
लखन

ता. क. – लोण्याची गोष्ट मिटली असं समजा. पण डेअरीवाल्याले सांगा, फेस होता.

ता. क. दुसरी – बा, आता खरं लिहितो. काल याडीसोबत लय वेळ बोललो. ती म्हणाली, बाभुळगावच्या माणसानं गाडी मागितली तवा तुमी किंमत अशी सांगतली की तो पाणी न पिताच उठला. त्याच्या आधीचा मारेगाववाला पण तसाच पाठवला. अन् ढेपेचं दुकान महिनाभर उघडंच आहे. तुमी रोज संध्याकाळी डबे उतरवता, टोपी खिशात घालता अन् एकलेच कालव्याच्या सरळ रस्त्यानं जाता. आवाज तांड्यापर्यंत येते, म्हणे. आवाज आला की बसंतीबाई म्हणते, 'निघाला किसनसिंग ढेपेले.' परत येता तवा तोंडावर हासू राहते, अन् दारात आले की ते पुसून मले शिव्या देता. म्हणजे एवढे दिवस मी जेवण सोडून जे पत्र लिहिलं ते कायले लिहिलं, सांगा बरं?

ता. क. तिसरी – म्हणून मोठ्या वशिंडाचा दांडा फेकू नका अन् भंगारवाल्याले पण देऊ नका. तेलाच्या फडक्यात गुंडाळून धान्याच्या कोठीवर ठेवा. रोजच्याले रोजचं जनावर, अन् दिवाळीले मी आलो की दोन दिवस पटाचं चढवू. पण ते काढायच्या आधी एक काम करा. याडीले पुढच्या सीटवर बसवा, पाठीमागं उशी द्या, अन् एकदा कालव्याच्या रस्त्यानं जोरात न्या, फाटक पूर्ण उघडून. तिनं त्या गाडीची थरथर पाह्यली, धाव पाह्यलीच नाही. ती नाही म्हणंन. तिले सांगा, लखननं अंगठ्याची आण घातली. तुमच्या रोजच्या 'ढेपेच्या' फेऱ्याईचे नाही, नुसत्या त्या एका फेरीच्या पेट्रोलचे पैसे रंजिताच्या फोनवर टाकतो: पाचशे रुपये.